आजोबांच्या अल्बममधला निळा फ्रँकलिन ‘झेड ग्रिल’ आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांच्या अल्बममध्ये बेंजामिन फ्रँकलिनची तीन अमेरिकन तिकिटं निघाली. एक निळं, एक सेंटचं, कडेला दंते असलेलं, काळ्या शिक्क्याचं, आणि त्याच्या पाठीवर बोटाला काहीतरी खरखरीत लागतं. दुसरं तपकिरी, पाच सेंटचं, चारही बाजूंनी सरळ कापलेलं. तिसरं हिरवं, एक सेंटचं. फ्रँकलिनचं ‘झेड ग्रिल’ नावाचं एक निळं तिकीट, ज्याच्या पाठीवर दाबून उमटवलेली बारीक जाळी आहे, २०२४ मध्ये चाळीस लाख डॉलरच्या वर विकलं गेल्याचं तुमच्या वाचनात आलं. आपलं निळं तेच आहे का, मागे चिकटलेला कागद पाण्यात सोडवू का, आणि प्रमाणपत्र कुठून घ्यायचं, हे तुम्हाला हवं आहे.

आधी पाण्याचं सांगतो. तीनपैकी एकही तिकीट भिजवू नका. मागचा कागद मूळ लिफाफ्याचा तुकडा असेल तर त्यावर शिक्क्याचा उरलेला भाग, गावाचं नाव किंवा तारीख असू शकते. तिकीट तिथून वेगळं केलं की हा पुरावा कायमचा जातो. तो कागद म्हणजे अल्बममध्ये लावण्याची जुनी कागदी पट्टी असेल तर तीही राहू द्या, तिच्यामुळे काही बिघडत नाही. तुमच्या निळ्या तिकिटाच्या पाठीवरचा खरखरीतपणा तर पाण्याने आणि नंतर पुस्तकाखाली दाबून वाळवण्याने बसून जाऊ शकतो. अख्खी ओळख ज्या खुणेवर ठरणार, तीच जाईल.

आता तिकिटांकडे वळतो. फ्रँकलिन अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कधीच नव्हता, तरी देशाच्या पहिल्या सर्वसाधारण तिकिटावर त्याचा चेहरा आला. हे त्याने टपालासाठी केलेल्या कामाचं फळ. १७३७ मध्ये तो फिलाडेल्फियाचा पोस्टमास्तर झाला. १७५३ मध्ये ब्रिटिश राजवटीने त्याला अमेरिकेतल्या वसाहतींचा उपमहापोस्टमास्तर नेमलं, विल्यम हंटर या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या जोडीने. त्याने टपालमार्ग स्वतः फिरून तपासले, आणि फिलाडेल्फिया ते न्यूयॉर्क टपाल रात्रीही धावतं केलं. १७७४ च्या जानेवारीत राजकीय वादातून ब्रिटिशांनी त्याला काढून टाकलं. पुढच्याच वर्षी, २६ जुलै १७७५ रोजी, बंडखोर वसाहतींच्या काँग्रेसने त्यालाच आपला पहिला महापोस्टमास्तर केलं. टपालखात्याने तिकिटं छापायला घेतली तेव्हा वॉशिंग्टनच्या बरोबरीने त्याची निवड झाली ती या पार्श्वभूमीवर. तिथपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या जवळपास प्रत्येक नेहमीच्या मालिकेत तो कुठल्या ना कुठल्या किमतीवर आहे, बहुतेकदा एक सेंटवर. म्हणूनच ‘फ्रँकलिनचं एक सेंटचं तिकीट’ एवढ्या वर्णनावरून काहीच कळत नाही. चेहरा तोच, पण छापणारी कंपनी, कागद, दंते आणि पाठ बदलली की तिकीट वेगळं. कॅटलॉगमध्ये त्यांना वेगवेगळे क्रमांक आहेत आणि किमतींत काही रुपयांपासून काही कोटींपर्यंतचा फरक आहे.

पहिलं निळ्याचं पाहू, कारण तुमचा जीव त्यात अडकला आहे.

१८५१ ते १८८० या काळात फ्रँकलिनचं एक सेंटचं निळं तिकीट तीन वेगवेगळ्या घराण्यांत येतं. पहिलं १८५१ चं, फिलाडेल्फियाच्या टोपॅन, कारपेंटर, कॅसिलीअर आणि कंपनीने छापलेलं. त्यावर आकडा कुठेच नाही. वर वळणदार पट्टीत यू.एस. पोस्टेज, खाली वन सेंट, आणि भोवती वेलबुट्टी. हे आधी दंत्यांशिवाय निघालं आणि १८५७ पासून दंत्यांसह. दुसरं १८६१ चं, न्यूयॉर्कच्या नॅशनल बँक नोट कंपनीचं. याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत १ हा आकडा आहे आणि खालच्या कोपऱ्यांत यू आणि एस ही अक्षरं. तिसरं १८७० चं आणि त्यानंतरचं, ज्यात खाली मधोमध मोठा १ असतो आणि त्याच्या दोन बाजूंना वन आणि सेंट. तुमचं तिकीट कोणत्या घराण्यातलं, हे नुसत्या डोळ्यांनी दोन मिनिटांत कळेल. झेड ग्रिलचा विचार फक्त दुसऱ्या घराण्यात करायचा. वरच्या कोपऱ्यांत १ नसेल तर ती चर्चा तिथेच संपली.

पुष्टीसाठी दंते मोजा. दंते मोजायची पट्टी तिकिटांच्या दुकानात मिळते. दोन सेंटिमीटरमध्ये किती भोकं बसतात, तो आकडा घ्यायचा. १८५७ चं तिकीट साडेपंधराच्या मापाचं, १८६१ चं बाराचं. १८५७ ची दंत्यांची तिकिटं कडेने कापून १८५१ ची म्हणून विकणारे पूर्वीही होते आणि आजही आहेत. त्यामुळे दंते नसलेलं तिकीट खरं मानायला दंते कापल्यावर उरतो त्यापेक्षा जास्त कागद चारही बाजूंना हवा.

१८५१ च्या निळ्याबद्दल थोडं बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण अमेरिकन तिकिटांच्या अभ्यासातलं हे सर्वांत श्रीमंत प्रकरण आहे. छपाईची प्लेट तयार करताना नक्षी पोलादी रोलरने प्लेटवर उतरवायचे. ती प्लेटवर नीट बसावी म्हणून वरची आणि खालची वेलबुट्टी जागोजाग कमी-जास्त कापली गेली. एका प्लेटवर दोनशे तिकिटं, आणि त्यांतल्या कित्येकांची नक्षी एकमेकांहून वेगळी. अभ्यासकांनी त्यांचे प्रकार पाडले आहेत, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत आणि मधले पोटप्रकारही. दंत्यांशिवायच्या तिकिटांत संपूर्ण नक्षी शाबूत असलेली जागा सापडते ती पहिल्या प्लेटच्या सुरुवातीच्या अवस्थेत, उजव्या भागातली सातवी. त्या एका जागेचं तिकीट मिळवायला लोक आयुष्य घालवतात. स्टॅन्ली अॅशब्रुक या अभ्यासकाने या एका तिकिटावर अनेक वर्षं काम केलं, आणि आज आपण भिंगाखाली कोणती रेष शोधायची ते त्याच्या कामामुळे ठरतं. तुमचं निळं तिकीट पहिल्या घराण्यातलं निघालं तर निराश होऊ नका. वरच्या आणि खालच्या नक्षीचा जवळून फोटो काढा, ते स्वतंत्र प्रकरण आहे.

आता १८६१. या वर्षी यादवी युद्ध सुरू झालं. दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांतल्या पोस्टांत जुन्या तिकिटांचे गठ्ठे पडून होते. ती उत्तरेत विकून पैसा उभा राहील अशी भीती होती. म्हणून महापोस्टमास्तर माँटगोमेरी ब्लेअर याच्या कारकिर्दीत जुनी सगळी तिकिटं रद्द करून नवी मालिका काढली. तुमचं निळं तिकीट या मालिकेतलं असेल तर ते या निर्णयातून जन्मलेलं. एक सेंटचा उपयोग मुख्यतः त्याच गावातल्या पत्रांना आणि छापील परिपत्रकांना व्हायचा, म्हणून ती कोट्यवधी खपली. साधं, जाळी नसलेलं, वापरलेलं तिकीट आजही सहज मिळतं.

मग खात्याला दुसरी चिंता लागली. लोक तिकिटावरची शाई धुऊन तेच तिकीट पुन्हा वापरतात, असा संशय होता. चार्ल्स स्टील याने यावर उपाय काढला. छापलेल्या कागदावर बारीक पिरॅमिडच्या टोकांचा दाब द्यायचा, म्हणजे कागदाचे तंतू फाटतात, शिक्क्याची शाई आत झिरपते आणि मग ती धुता येत नाही. १८६७ पासून नॅशनल बँक नोट कंपनीने हा दाब द्यायला सुरुवात केली. पाठीवरून पाहिलं तर तो बारीक किसणीसारखा दिसतो. यालाच ग्रिल म्हणतात. काही वर्षांतच हा उद्योग बंद पडला, पण तेवढ्यात दाबाचे आकार अनेकदा बदलले. पुढे विल्यम स्टीव्हन्सन या संग्राहकाने ते मोजून त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं दिली. एक प्रकार त्याच्या क्रमात बसेना, त्याला त्याने झेड म्हटलं.

एक सेंटच्या १८६१ च्या तिकिटावर तीनच दाब आढळतात: झेड, ई आणि एफ. यातला एफ सर्वांत नेहमीचा. त्याचा आकार साधारण नऊ बाय तेरा मिलिमीटर, म्हणजे अरुंद. ई अकरा बाय तेरा. झेड अकरा बाय चौदा. मापपट्टी लावून नऊ आलं तर तुमचं तिकीट एफ आहे आणि ते चांगलं आहे. अकरा आलं तर मात्र लगेच आनंद करू नका, कारण ई आणि झेड यांची रुंदी सारखीच. उंचीतला एक मिलिमीटरचा फरक जुन्या, दबलेल्या, वर कागद चिकटलेल्या तिकिटावर विश्वासाने मोजता येत नाही. कित्येकदा दाबाची शेवटची ओळ अर्धवट उमटलेली असते, आणि मग ई झेडसारखा किंवा झेड ईसारखा वाटतो.

खरा निकाल टोकांच्या माथ्यावर लागतो. प्रत्येक पिरॅमिडच्या माथ्यावर एक छोटी धार असते. डी, ई आणि एफ प्रकारांत ती उभी असते. झेडमध्ये ती आडवी असते. पाहण्यासाठी किमान दहापट, शक्यतो वीसपट भिंग लागतं आणि एका बाजूने, जवळजवळ जमिनीला समांतर पडणारा उजेड. तिकीट उलटं ठेवा, डोकं वरच्या बाजूला, चिमट्याने स्थिर धरा, आणि टेबललॅम्प एकदा डावीकडून, एकदा वरून आणा. धार उभी असेल तर डावीकडच्या उजेडात तिची सावली स्पष्ट पडते, आडवी असेल तर वरून आलेल्या उजेडात. मोबाइलचा टॉर्च यासाठी चांगला चालतो, फक्त तो तिकिटाच्या पातळीवर धरायचा, वरून मारायचा नाही.

दाब फिका असेल तर संग्राहक काळ्या तळाच्या छोट्या ट्रेमध्ये तिकीट उलटं ठेवून त्यावर वॉटरमार्क पाहायच्या द्रवाचे काही थेंब टाकतात. या द्रवाने डिंक विरघळत नाही आणि तो लगेच उडून जातो. पण तो ज्वलनशील आहे, खिडकी उघडी हवी आणि जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको. सवय नसेल तर ही पायरी सोडून द्या. तिरका उजेड तुमच्या कामाला पुरेसा आहे.

आता ज्यासाठी हे सगळं. एक सेंटचं झेड ग्रिल आजवर फक्त दोन नमुन्यांत माहीत आहे. एक बेंजामिन मिलर याने १९२५ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीला दिलेल्या संग्रहात आहे, आणि तो संग्रह विकला जाणार नाही. त्यामुळे बाजारात येऊ शकणारं एकच. ते १९९८ मध्ये रॉबर्ट झोलनर याच्या संग्रहातून ९ लाख ३५ हजार डॉलरला मिस्टिक स्टँप कंपनीने घेतलं. २००५ मध्ये त्याची अदलाबदल झाली. बिल ग्रोस या संग्राहकाने विमान चुकून उलटं छापलं गेलेल्या १९१८ च्या तिकिटांचा, प्लेट क्रमांक असलेला, चार जोडतिकिटांचा तुकडा सुमारे ३० लाख डॉलरला मिळवला होता, तो देऊन त्याने हे निळं तिकीट घेतलं. त्यामुळे अमेरिकेच्या एकोणिसाव्या शतकातल्या तिकिटांचा त्याचा संच पुरा झाला. जून २०२४ मध्ये सीगल या लिलावगृहाच्या लिलावात ते ४३ लाख ६६ हजार डॉलरला गेलं, खरेदीदाराचं शुल्क धरून. तुम्ही वाचलेली बातमी हीच.

मग तिसरं तुमच्याकडे असू शकतं का? तत्त्वतः कोणाकडेही असू शकतं. पण एवढं मोठं बक्षीस दिसत असताना कित्येक दशकं लोकांनी आपापले अल्बम चाळले आहेत, आणि या काळात बनावट दाबही खूप तयार झाले. साधं १८६१ चं निळं तिकीट घ्यायचं आणि त्यावर खोटा दाब द्यायचा, हा जुना धंदा आहे. खोट्या दाबाची दोन लक्षणं मी नेहमी पाहतो. खऱ्यात टोकांपाशी कागदाचे तंतू तुटलेले असतात, खोट्यात कागद नुसता दबलेला असतो. आणि तिकीट वापरलेलं असेल तर शिक्क्याची शाई पाहायची. खऱ्यात आधी दाब, मग शिक्का, म्हणून शाई त्या फाटलेल्या टोकांत उतरलेली असते. खोट्यात आधी शिक्का, मग दाब, म्हणून वाळलेल्या शाईची रेष दाबाबरोबर ताणलेली किंवा तडकलेली दिसते. तुमच्या तिकिटावर काळा शिक्का आहे हे इथे उपयोगाचं. त्या शिक्क्याच्या कडेला भिंग लावा.

माझा अंदाज एफचा आहे, कारण जाळी असलेल्या निळ्या एक सेंटांमध्ये तोच जास्त दिसतो. तसं निघालं तरी ते १८६८ च्या आसपासचं, वापरलेलं, ओळख ठरलेलं तिकीट असेल आणि त्याची किंमत साध्यापेक्षा बरीच वर असते. दाब मुळीच नसेल आणि खरखरीतपणा जुन्या कागदी पट्टीचा निघाला, तर ते १८६१ चं साधं तिकीट.

आता तपकिरी पाच सेंट. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला यानेच थांबवलं.

१८४५ च्या कायद्याने अमेरिकेत पत्राचा दर सोपा झाला. अर्ध्या औंसापर्यंत तीनशे मैलांच्या आत पाच सेंट, त्यापुढे दहा. ३ मार्च १८४७ च्या कायद्याने तिकिटांना परवानगी मिळाली आणि १ जुलै १८४७ पासून ती विक्रीला आली: पाच सेंटचा फ्रँकलिन तपकिरी, दहा सेंटचा वॉशिंग्टन काळा. ती न्यूयॉर्कच्या रॉडन, राइट, हॅच अँड एडसन या नोटा छापणाऱ्या कंपनीने छापली. तळाशी, चौकटीखाली, त्यांची आद्याक्षरं सूक्ष्म आकारात असतात. त्या काळी तिकीट लावणं सक्तीचं नव्हतं. पैसे पाठवणारा देईल किंवा घेणारा. बहुतेक लोक जुन्या सवयीने घेणाऱ्यावरच टाकायचे. पैसे आधी भरण्याची सक्ती १८५५ मध्ये आणि तिकिटांची १८५६ मध्ये आली. म्हणून १८४७ च्या तिकिटांचा खप मर्यादित राहिला, आणि चार वर्षांनी, १ जुलै १८५१ ला, नवी तिकिटं येताच ती रद्दही झाली. १८६१ नंतरची अमेरिकन तिकिटं आजही टपालाला कायदेशीररीत्या चालतात. ही चालत नाहीत.

तपासायचं असं. कागद पातळ आणि निळसर झाकेचा हवा. छपाई कोरीव असते, म्हणजे शाई कागदावर किंचित उभी राहते आणि भिंगाखाली रेषा अखंड दिसतात. रंग ठिपक्यांनी बनलेला दिसला तर ते आधुनिक चित्र आहे, तिथेच थांबा. वरच्या कोपऱ्यांत यू आणि एस, खालच्या कोपऱ्यांत ५, वर पोस्ट ऑफिस, खाली फाइव्ह सेंट्स. चारही बाजूंनी चौकटीबाहेर कागद शिल्लक आहे का पाहा. कात्री चौकटीत घुसली असेल तर किंमत बरीच उतरते.

मग सर्वांत महत्त्वाची तपासणी. १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या शताब्दी प्रदर्शनाच्या निमित्ताने सरकारने १८७५ मध्ये या दोन्ही तिकिटांच्या नव्या प्रती काढल्या. जुने साचे हाताशी नव्हते म्हणून नवे कोरले. त्या अस्सल सरकारी आहेत, पण टपालाला चालत नव्हत्या, आणि पाच सेंटच्या फक्त ४,७७९ विकल्या गेल्या. फरक फ्रँकलिनच्या गळ्यापाशी आहे. त्याच्या शर्टाची पांढरी झालर डाव्या बाजूला चेहऱ्याभोवतीच्या अंडाकृतीला जिथे टेकते ती जागा पाहा. मूळ तिकिटात ती खालच्या ‘फाइव्ह’ या शब्दाच्या पहिल्या अक्षराच्या माथ्याच्या पातळीवर येते. १८७५ च्या प्रतीत ती वर, कोपऱ्यातल्या ५ च्या माथ्याच्या आसपास येते. शिवाय प्रतीत तळाची आद्याक्षरं जास्त पुसट आणि मागे डिंक नाही. एखाद्या प्रतीवर शिक्का दिसला तर सावध व्हा, कारण ती पत्रावर जायची नव्हती. १९४७ मध्ये शंभर वर्षांच्या निमित्ताने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी छोटं स्मरणपत्रक निघालं, त्यातून कापलेली तिकिटंही कधी अल्बममध्ये सापडतात. पण त्यातला पाच सेंट निळा आहे, तुमचा तपकिरी, म्हणजे तो प्रश्न नाही.

शिक्का कसला आहे तेही कळवा. १८४७ च्या पाच सेंटवर लाल शिक्का सर्वांत नेहमीचा, निळाही दिसतो, काळा त्या मानाने कमी. शाईच्या पेनाने ओढलेली रेघ असेल तर तीही त्या काळातली पद्धतच आहे. अशा रेघा रसायनाने पुसून ‘न वापरलेलं’ म्हणून तिकीट विकण्याचे प्रकार खूप झाले आहेत. त्यामुळे तुमच्या तिकिटावर शिक्का नसेल तर मी उलट जास्त काळजीने पाहीन. अतिनील दिव्याखाली पुसलेल्या शाईचा डाग बहुधा दिसतो.

हे तिकीट खरं, नीट कडांचं, फाटलेलं-दुरुस्त केलेलं नसेल तर वापरलेल्या स्थितीत त्याला काही शे डॉलर मिळतात. झेड ग्रिलच्या आकड्यासमोर हे किरकोळ वाटेल. पण अमेरिकेच्या पहिल्या तिकिटाचा नमुना महाराष्ट्रातल्या एका घरच्या अल्बममध्ये असणं ही फार छान गोष्ट आहे, आणि मला ती निळ्याच्या आशेपेक्षा जास्त खरी वाटते.

हिरव्याबद्दल फार वेळ घेत नाही. फ्रँकलिनचा एक सेंट १८९८ मध्ये हिरवा झाला. तुमचं बहुधा १९२२ मध्ये सुरू झालेल्या मालिकेतलं असेल, जे त्याच्या जन्मदिवशी, १७ जानेवारी १९२३ ला निघालं. हे अब्जावधी छापलं गेलं. इंटरनेटवर या हिरव्या तिकिटासाठी लाखो रुपये मागणारी पानं तुम्हाला दिसतील. त्या मागणीमागे एक खरी गोष्ट आहे, पण ती बहुतेक विक्रेत्यांच्या तिकिटाला लागू नाही. सपाट प्लेटऐवजी वाकवलेल्या प्लेटने छापलं की चित्र एका दिशेने किंचित ताणलं जातं. अशा छपाईच्या उरलेल्या कागदातून काही तिकिटं अकराच्या दंत्यांनी कापली गेली, आणि ती अत्यंत दुर्मीळ आहेत. सपाट छपाईचं चित्र साधारण बावीस मिलिमीटर उंच आणि एकोणीसच्या आत रुंद असतं. त्या दुर्मीळ प्रकारांत एकाची रुंदी पावणेवीसच्या आसपास जाते, दुसऱ्याची उंची साडेबावीस. चारही बाजूंचे दंते अकराचे आहेत का ते आधी पाहा. दोन बाजूंना साडेदहा आले किंवा सगळीकडे दहा आले तर ते नेहमीचं आहे. अकरा आले तर चौकटीच्या बाहेरच्या रेषेपासून बाहेरच्या रेषेपर्यंत चित्र मोजा, कागद नव्हे. उंची बावीस आणि रुंदी एकोणीसच्या आत आली की अल्बमात परत ठेवा.

प्रमाणपत्राचं विचारलंत. निळ्याच्या पाठीवर आडवी धार तुम्हाला स्वतःला दिसली, किंवा तपकिरी वरच्या सगळ्या कसोट्यांना उतरलं, तरच पुढे जा. या तिकिटांची तपासणी न्यूयॉर्कचं फिलाटेलिक फाउंडेशन आणि अमेरिकन फिलाटेलिक सोसायटी करते, आणि अशा प्रमाणपत्राशिवाय दुर्मीळ तिकिटाला चांगल्या लिलावात योग्य किंमत मिळणं अवघड असतं. पाठवताना विमा, नोंदणीकृत टपाल आणि सीमाशुल्काच्या अर्जावर ‘तपासणीसाठी, परत येणार’ हे स्पष्ट लिहिलेलं हवं. त्याआधी कोणी घरी येऊन ‘पाच हजारांत सगळा अल्बम घेतो’ म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. पूर्ण अल्बमची किंमत तीन तिकिटांत दडलेली असू शकते, हे घेणाऱ्याला तुमच्याआधी माहीत असतं.

पावसाळा सुरू होतोय. आपल्याकडच्या दमट हवेत अल्बमची पानं एकमेकांना चिकटतात, डिंक ओला होतो आणि तिकिटांवर तपकिरी डाग येतात जे नंतर काढता येत नाहीत. अल्बम लोखंडी कपाटात आडवा रचून ठेवू नका. उभा ठेवा, वर वजन नको, शेजारी सिलिका जेलची पुडी, आणि कोरड्या दिवशी मधूनमधून पानं उघडा. निळं तिकीट पानातच राहू द्या, प्लास्टिकच्या घट्ट पाकिटात घालू नका, नाहीतर पाठीवरचा दाब आणखी सपाट होईल.

आता मला फोटो पाठवा. स्कॅनर असेल तर बाराशे डीपीआयवर, पुढून आणि मागून, तिकीट चिमट्याने उचलून, काळ्या कागदावर. निळ्याची पाठ मोबाइलने वेगळी काढा, डावीकडून एक आणि वरून एक, तिरक्या उजेडात, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. तपकिरीच्या गळ्यापाशी आणि तळाच्या कडेला जवळून एक-एक फोटो. हिरव्याचे नुसते दंते मोजून सांगितलेत तरी चालेल. अल्बमच्या पानावर आजोबांनी तिकिटाशेजारी काही लिहिलं असेल, कोणाकडून आलं किंवा कोणत्या वर्षी, तर त्या पानाचा पूर्ण फोटोही जोडा. तिकीट घरी कधी आणि कुठून आलं हे कळलं, तर त्याच्या खरेपणाबद्दल बरंच काही सांगता येतं.